कुत्र्याच्या तोंडातून सुटलेली कोंबडी: पहिली रात्र आणि पुढचे दिवस

प्रश्न घणसोली गावातून आला आहे. पहाटे साडेपाचला भटकं कुत्रं परसात शिरलं आणि सात गावठी कोंबड्यांपैकी एकीला त्याने पाठीवरून धरलं. घरातली माणसं ओरडत धावली तेव्हा टाकून पळालं. शेपटीची पिसं गेली, पाठीवर तळहाताएवढं सोललंय, डावा पाय ओढते. आता संध्याकाळ झाली तरी डोळे मिटून बसली आहे, दाण्याला तोंड लावत नाही. घरच्यांनी हळद-खोबरेल लावलं, सिरिंजने पाणी पाजलं तर ती खोकली, ऊब मिळावी म्हणून १०० वॅटचा बल्ब डोक्यावर लावला. आजी म्हणते, मरायच्या आत सुरी फिरवा. कोंबडीचं नाव मिरी. वाचेल का, आणि काय करू?

वाचण्याची शक्यता चांगली आहे. कुत्र्याने धरलेली कोंबडी जायची असेल तर माझ्या अनुभवात ती बहुतेक वेळा पहिल्या तास-दोन तासांत जाते. मान मोडलेली असते, नाहीतर पोटात रक्त साठलेलं असतं, आणि तिथे तुम्ही-आम्ही काही करू शकत नाही. मिरीने बारा तास काढलेत आणि बसलेली आहे, आडवी पडलेली नाही. आता तिच्या जिवाला कुत्र्याच्या दातांइतकाच धोका तुमच्या काळजीचा आहे. हे टोचेल, पण खरं आहे. ठाणे जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून ३१ वर्षं फिरलो. डॉक्टर नव्हे, डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस. येऊरपासून दिव्यापर्यंत कितीतरी परसांत मी हेच पाहिलं: कोंबडी कुत्र्याच्या तोंडातून सुटते आणि घरच्यांच्या हातून जाते.

म्हणून आधी हे थांबवा. डोक्यावरचा बल्ब काढा. सिरिंज बाजूला ठेवा. तेल-हळद पुन्हा लावू नका. आणि शेजारपाजारच्यांना आणून तिला दाखवणं बंद करा.

आता कारण सांगतो, म्हणजे रात्री दोन वाजता मनात शंका आली तर तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

कोंबडी हा खाल्ला जाणारा प्राणी. तिच्या डोळ्यांना वरून येणारा हात आणि वरून येणारी घार यांत फार फरक नाही. कुत्र्याने पकडल्यावर तिच्या शरीराने जी धोक्याची घंटा वाजवली ती कुत्रं पळाल्यावर लगेच बंद होत नाही. रक्त कातडीकडून, पायांकडून, आतड्यांकडून काढून घेतलं जातं आणि हृदय-मेंदूसाठी राखून ठेवलं जातं. म्हणून तुरा फिका पडतो, पंजे गार लागतात, पचन थांबतं. अशा वेळी ती खात नाही, कारण खाल्लेलं पुढे सरकणारच नाही. यात रक्त गेलेलं असेल, वर उपाशी, वर पावसात भिजलेली, तर शरीर थंड पडू लागतं. कोंबडीचं नेहमीचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आपल्यापेक्षा चार अंश जास्त. त्यामुळे तुमच्या हाताला ती 'कोमट, ठीक' लागली तर ती ठीक नाही. निरोगी कोंबडीच्या पंखाखाली बोटं घातली तर चांगली गरम लागतात. बाकीच्या सहांपैकी एकीच्या पंखाखाली हात घालून बघा, मग मिरीच्या. दोन हातांतला फरक हाच तुमचा थर्मामीटर.

दर वेळी तुम्ही तिला उचलता, उलटी करून जखम बघता, चोच उघडता, तेव्हा ती घंटा नव्याने वाजते. पिशवीसारखी निपचित पडते तेव्हा लोकांना वाटतं, बघा कशी शांत झाली, माणसाची माया कळते. तसं नसतं. ते मेल्याचं सोंग आहे. पकडणाऱ्याचा दात क्षणभर ढिला व्हावा म्हणून निसर्गाने दिलेली शेवटची युक्ती. बाळकुमला एका बाईंनी मुंगसाने धरलेली तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, मेली म्हणून सिमेंटच्या रिकाम्या गोणीत घालून कोपऱ्यात ठेवली होती. मी दुसऱ्याच कामाला गेलो होतो. चहा घेईपर्यंत गोणी चालायला लागली. तेव्हापासून डोळ्याला बोट लावून पापणी हलत नाही हे बघितल्याशिवाय मी कुठल्याही कोंबडीला मेली म्हणत नाही.

आज रात्रीसाठी एक पुठ्ठ्याचं खोकं घ्या, टीव्हीचं नको, मिक्सरचं किंवा किराणा सामानाचं. तिला उभं राहून एकदा वळता यावं, पंख फडफडवता येऊ नयेत, एवढं. खाली गोणपाट, त्यावर जुनी सुती साडी चौपदरी. वर्तमानपत्र नको, त्यावर पंजा घसरतो आणि दुखऱ्या पायाचं आणखी वाटोळं होतं. भुसा किंवा भाताचं तूसही नको, उघड्या जखमेला चिकटतं. बाजूंना भोकं, वर अर्धवट झाकण, आणि सगळ्यावर मच्छरदाणीचा तुकडा किंवा जुनी ओढणी ताणून बांधा. मच्छरदाणी डासांसाठी नाही, माशांसाठी. ते पुढे सांगतो.

ऊब हवी, पण एका बाजूने. ४० वॅटचा पिवळा बल्ब खोक्याच्या एका टोकाला, बाहेरून, साडीपासून वीतभर लांब. दुसरं टोक गार आणि अंधारं राहिलं पाहिजे. नको वाटलं तर ती स्वतः सरकते. १०० वॅटचा डोक्यावर लावला की तिला पळायला जागाच नाही. कोंबडीला घाम येत नाही, ती तोंड उघडून धापा टाकते, आणि जुलैच्या आपल्या हवेत, भिंतींना ओल सुटलेली असताना, धापा टाकूनही अंग गार होत नाही. पंख अंगापासून सुटे धरून चोच उघडी ठेवली असेल तर बल्ब लगेच बंद. बल्ब नसेल किंवा दिवे गेले तर कोमट पाण्याची बाटली जुन्या बनियनमध्ये गुंडाळून कुशीला लावा. पुरते. पिसं भिजलेली असतील तर आधी कोरड्या पंचाने टिपून घ्या. चोळू नका.

खोकं घरातल्या सगळ्यात कंटाळवाण्या कोपऱ्यात ठेवा. टीव्हीजवळ नाही, मोरीजवळ नाही, आणि घरात पाळीव कुत्रा-मांजर असेल तर त्याच्या वासाच्या टप्प्यातही नाही. आषाढ आहे म्हणून गावात हळदीचे डीजे बंद आहेत, हे मिरीचं नशीब. एप्रिल-मे महिन्यात कोपरखैरणे-घणसोलीत जखमी कोंबडी सांभाळणं म्हणजे शिक्षा असते.

पाणी. ती खोकली म्हणालात ना, ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कोंबडीची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते. सिरिंजची धार तिथे गेली तर पाणी थेट फुप्फुसांत. रात्रभरात श्वासाला घरघर, बुडबुड असा आवाज आला किंवा दर श्वासाला शेपटी वरखाली होऊ लागली तर पाणी आत गेलंय असं समजा आणि सकाळी पहिल्यांदा डॉक्टर गाठा. यापुढे पाजायचं नाही, दाखवायचं. उथळ, जड वाटीत कोमट पाणी ठेवा. बोट बुडवून एक थेंब चोचीच्या कडेला, बाहेरून लावा. थेंब आपोआप फटीतून आत जातो आणि ती गिळते. तीन-चार थेंब झाले की बऱ्याचदा ती स्वतः मान वाकवते. मान धरून ठेवायची ताकद नसेल तर थेंबही नकोत, तिथे डॉक्टर.

पाण्यात ओआरएस घाला. एक लिटरचं पाकीट दोन लिटर पाण्यात, म्हणजे माणसापेक्षा अर्धं पातळ. उरलेलं २४ तासांनी फेकायचं. रात्री पाकीट मिळालं नाही तर पेलाभर पाण्यात चमचाभर गूळ विरघळवा, सकाळपर्यंतचा तो आधार आहे. ग्लुकोज, मल्टिव्हिटॅमिन, लिव्हर टॉनिक असं एकाच वाटीत सगळं ओतणारे भेटतात. पाण्याची चव बिघडली की कोंबडी पाणीच सोडते.

खाण्याची घाई आज नको. उद्या सकाळी उकडलेलं अंडं कुस्करून, मऊ भात किंवा तांदळाची कणी शिजवून, थोडं-थोडं. कोंबडीला अंडं घालायला लोक बिचकतात, पण जखमेच्या दिवसांत याच्याइतकं हलकं आणि पोषक दुसरं काही तुमच्या घरात नाही. आगरी-कोळी घर असेल तर सुकट असणारच. ती द्यायची तर दोन पाण्यांतून धुऊन, कारण मीठ कोंबडीला सोसत नाही. बळजबरीने भरवू नका. पूर्ण वाढलेली कोंबडी एक दिवस न खाता काढते. पाण्याशिवाय मात्र राहू देऊ नका.

आता जखम, आणि इथे जरा थांबतो, कारण पहिली रात्र निघाल्यावर कोंबड्या यातच जातात.

तुम्हाला पाठीवरची सोललेली जागा दिसते आहे. ती दिसते म्हणून मला तिची फार चिंता नाही. कोंबडीची कातडी पातळ आणि खालच्या मांसावर सैल असते. ती मोठीच्या मोठी फाटते, बघवत नाही, पण स्वच्छ ठेवली तर टाके न घालताही अशी भरून येते की दोन महिन्यांनी तुम्हाला जागा शोधावी लागते. घात करते ती न दिसणारी जखम. कुत्र्याला वरचा जबडा आहे तसा खालचाही आहे. पाठीवर दात लागले असतील तर पोटाच्या बाजूने, पंखाखाली, मांडीच्या आतल्या अंगाला दोन-तीन भोकं असणारच. वर पिसं असल्याने ती दिसत नाहीत. कळव्यात एका घरी मी स्वतः चुकलो आहे. पाठीची जखम छान धुतली, पट्टी सांगितली, निघून आलो. तिसऱ्या दिवशी फोन, कोंबडी खाते पण वास येतो. पंख उचलला तर खाली किडे वळवळत होते. ती वाचली नाही. तेव्हापासून कितीही घाई असली तरी पंख दोन्ही बाजूंनी उचलतो आणि शेपटीखालीही बघतो.

पावसाळ्यात माशी ओल्या जखमेवर, आणि शेपटीखालच्या घाणीवरही, अंडी घालते आणि दिवसभराच्या आत त्यांतून किडे निघतात. मच्छरदाणी सांगितली ती एवढ्यासाठी. पांढरट, तांदळाच्या बारीक कणीसारखे पुंजके पिसांच्या मुळाशी दिसले तर ती माशीची अंडी. तेव्हाच चिमट्याने, नाहीतर ओल्या कापसाने पुसून काढा. किडे आत शिरलेले दिसले तर टर्पेंटाइन, रॉकेल, डांबरगोळीची पूड यांतलं काहीही नको. बैलाच्या खुरावर चालणारे उपाय दीड किलोच्या पाखरावर विष होतात.

धुण्याचं काम उद्या सकाळी, ती सावरलेली असताना, आणि एकदाच व्यवस्थित. आज रक्त वाहत नसेल तर आज हात लावू नका. वाहत असेल तर स्वच्छ सुती कापड घडी करून पाच मिनिटं घड्याळ लावून दाबा, मध्येच उचलून बघायचं नाही. तुटलेल्या नखाचं रक्त थांबत नसेल तर त्यावर कॉर्नफ्लॉवर दाबा.

दोघं लागतील. एकाने कोंबडी पंचात गुंडाळून, डोकं झाकून मांडीवर धरायची. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया पदराखाली डोकं घेऊन बसतात ना, ती पद्धत नामी आहे, अंधार झाला की कोंबडी शांत होते. फक्त छाती आवळू नका. आपल्यासारखा तिला श्वासाचा पडदा नसतो, छातीचं हाड खालीवर होईल तेव्हाच हवा आत जाते. प्रेमाने घट्ट धरून गुदमरवलेल्या कोंबड्याही मी पाहिल्या आहेत. पाठीवर उताणीही फार वेळ ठेवू नका.

दुसऱ्याने धुवायचं. औषधाच्या दुकानातली सलाईनची बाटली सगळ्यात सोपी. नाहीतर उकळून कोमट केलेल्या अर्धा लिटर पाण्यात चहाच्या सपाट चमच्याला थोडं कमी मीठ. तुमची सिरिंज इथे वापरा, सुई काढून. धार मारून माती, लाळ, तेल-हळदीचा लगदा सगळं काढा. हळदीवर माझा राग नाही, खरचटलं असेल तर लावावी. पण खोल भोकात हळद आणि तेल भरलं की वरून खपली धरते आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. तेल पिसांना लागलं तर पिसं ऊब धरत नाहीत, तो तोटा वेगळाच. जखमेभोवतीची पिसं कात्रीने कापा, उपटू नका. उपटताना ही पातळ कातडी आणखी फाटते. शेवटी पोव्हिडोन आयोडीन पाण्यात इतकं पातळ करा की कोऱ्या चहासारखा रंग दिसेल, आणि त्याने टिपून घ्या. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, ते नवं उगवणारं मांस जाळतात. मुंबईहून कोणी नातेवाईक बधिर करणारं मलम पाठवेल, तेही नको. त्यातली काही औषधं पाखरांना झेपत नाहीत.

पुढच्या दिवसांत दोन गोष्टी बघून लोक घाबरतात आणि एक बघून घाबरत नाहीत. कोंबडीचा मुका मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरवा होतो, अगदी पोपटाच्या पिसासारखा. सडलं म्हणून लोक कापायला घेतात. ते सडणं नव्हे, पाखरांचं मुरलेलं रक्त हिरवंच दिसतं. सडलेलं काळं पडतं आणि त्याला वास असतो. दुसरं, कातडीखाली हवेचा फुगा येऊ शकतो, दाबल्यावर करकर वाजतो. दाताने आतली हवेची पिशवी फुटली की असं होतं. छोटा असेल तर आपोआप जिरतो, वाढत असेल तर डॉक्टर. ज्याला घाबरत नाहीत ती म्हणजे कडक गाठ. आपल्याला पू म्हणजे वाहणारा माहीत. कोंबडीचा पू वाहत नाही, पनीरच्या तुकड्यासारखा घट्ट होतो. त्यामुळे पू झालेला दिसतच नाही, नुसती गाठ लागते. ती पिळून निघत नाही, डॉक्टरांनी उघडावी लागते.

पाय ओढते म्हणजे मोडलाच असं नाही. सूज, ठणका, पाठीचा मार यांनीही ओढते. दोन्ही पाय हाताने चाचपून एकमेकांशी ताडून बघा. हाड टोकदार लागतं, पाय नको त्या दिशेला वळतो, किंवा चिमटा घेतला तरी पंजा आखडत नाही, तर उद्याच दाखवा. नाहीतर खोक्यातली विश्रांती हाच इलाज, चार दिवसांत भार टाकायला लागेल. आईस्क्रीमच्या काड्या बांधून घरी पट्ट्या करू नका.

डॉक्टर कधी? खोल भोकं सापडली तर लगेच, कारण कुत्र्याच्या दातांची घाण आत खोल जाते आणि बाहेरचं धुणं तिथे पोचत नाही, प्रतिजैविक लागतं. मांजराने धरलं असतं तर मी जखम न बघताच पाठवलं असतं. मांजराचा दात टाचणीएवढं भोक पाडतो आणि त्याच्या तोंडातले पाश्चुरेला जिवाणू दोन दिवसांत पाखरू संपवतात. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात सकाळी जा. निघण्याआधी कोंबडी बघतात का ते विचारा, कारण शहरातले बरेच डॉक्टर कुत्रा-मांजराचेच. जमत नसेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे. पण घणसोलीहून परळ म्हणजे जखमी कोंबडीला दीड-दोन तासांचा धक्का. न्यायचंच तर त्याच खोक्यात, झाकून, आणि गर्दीच्या वेळची लोकल टाळून.

घरातल्या डब्यातली वेदनाशामक गोळी चुरून घालू नका. डायक्लोफेनॅक तर अजिबात नाही. जनावरांसाठी त्यावर आपल्याकडे २००६ पासून बंदी आहे, मेलेल्या गुरांतून ते गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं गेली म्हणून. कोंबडीच्या मूत्रपिंडांनाही ते मारतं. पाखरांना चालणारं वेदनाशामक आहे, ते डॉक्टर वजनावर देतात. जे काही देतील त्याबद्दल विचारून घ्या की किती दिवस अंडी खायची नाहीत.

आणि एक तुमच्यासाठी. कुत्र्याच्या तोंडातून कोंबडी सोडवताना त्याचा दात लागला, ओरखडा आला, किंवा मिरीच्या पिसांवरची ओली लाळ तुमच्या हातावरच्या कापल्या जागेला लागली असेल, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं हात धुवा आणि आजच पालिकेच्या रुग्णालयात रेबीजच्या लशीसाठी जा. कोंबडीमुळे रेबीजची भीती जवळजवळ नाही, कुत्र्यामुळे आहे. मुंगसाच्या चाव्यालाही हाच नियम.

तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तिची शीट बघा. न खाल्लेल्या कोंबडीची शीट गडद हिरवी आणि पातळ असते. खाऊ लागली की ती घट्ट होते, वर पांढरी टोपी येते. माझ्यासाठी कोंबडी बरी होतेय याची ही पहिली खूण, तुऱ्याच्या रंगाच्याही आधीची. शिटीत रक्त आलं तर ती जखमेचीच भानगड असेल असं नाही, रक्ती हगवणही असू शकते. भीतीने अंगातली प्रतिकारशक्ती उतरते आणि दबून असलेली दुखणी वर येतात, पावसाळ्यात तर हमखास. मान पिळवटली, डोकं मागे वळू लागलं, तर डोक्याचा मार असेल किंवा मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग. पहिल्या दिवशीच दिसलं तर बहुधा मार. आठवडाभराने दिसलं, बाकीच्याही सुस्त असतील, तर मानमोडी समजून सगळ्या वेगळ्या करा. बाकीच्यांना राणीखेतची लस दिलेली आहे का ते आत्ताच आठवून ठेवा. उद्या-परवा दुसरी कोंबडी अंगावर ओरखडाही नसताना मरून पडली, तर मात्र कुत्र्यावर ढकलू नका. हात न लावता दवाखान्याला कळवा. २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात, शहापूरजवळच्या वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला होता.

अंडं. मिरी अंड्यावर होती का, ते तुम्ही लिहिलं नाही. एक अंडं तयार व्हायला २४-२६ तास लागतात, म्हणजे हल्ला झाला तेव्हा पोटात अर्धवट अंडं असू शकतं. उद्या-परवा नुसत्या पापुद्र्यात, कवचाशिवाय अंडं पडलं तर चिंता नाही. कण्हत, शेपटी खालीवर करत बसली आणि काहीच पडलं नाही तर अंडं अडकलं असेल किंवा आत फुटलं असेल, आणि ते घरी सुटणारं नाही. त्यानंतर दोन-तीन आठवडे अंडं नाही, कधी त्याहून जास्त. बाकीच्या सहा जणींनीही अंडी बंद केली तर त्यांच्यावर रागावू नका. त्यांनीही सगळं पाहिलंय. त्या खुराड्याच्या आतल्या कोपऱ्यात चिकटून बसतील, संध्याकाळी आत जायला टाळाटाळ करतील. त्यांना नेहमीच्या वेळी नेहमीच्या जागी दाणे टाका, एवढंच पुरे.

शेपटीची मुळासकट उपटली गेलेली पिसं लगेच उगवायला लागतात, दीड-दोन महिन्यांत शेपूट येते. आपण कापलेली मात्र पुढच्या पीसझडीपर्यंत खुरटीच राहतात.

मिरीला परत सोडायची घाई हा शेवटचा धोका. कोंबड्यांना लाल रंग दिसला की त्या टोचतात, सख्ख्या बहिणीलाही, आणि एकीने सुरू केलं की सगळ्या तुटून पडतात. जखम कोरडी होऊन कातडी धरेपर्यंत ती वेगळी. पण पूर्ण नजरेआडही नको, कारण आठ-दहा दिवस दिसली नाही तर परतल्यावर ती परकी ठरते आणि उतरंडीत तिला तळापासून मार खावा लागतो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून, ऊन असेल तेव्हा, तासभर तिला जाळीच्या आड त्यांच्या शेजारी ठेवा. दिसाव्यात, टोचता येऊ नये. मग एके रात्री, सगळ्या दांडीवर झोपल्यावर, हळूच मधोमध नेऊन बसवा. सकाळी लवकर उठून बघा. दोन टोचे होतील, ते होऊ द्या. रक्त निघालं तर पुन्हा जाळी.

खुराड्याचं थोडक्यात. कुत्रं परत येणार, याच आठवड्यात, त्याच वेळेला. तुमची षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, तो ती दातांनी फाडतो. अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेल्या तारांची जाळी, लावा, आणि खालून उकरू नये म्हणून तीच जाळी जमिनीवर बाहेरच्या अंगाला दीड फूट पसरून वर विटा ठेवा. मुंगूस दिवसा येतं आणि दोन इंचांच्या फटीतून घुसतं, उदमांजर रात्री कौलांवरून. विषाचे लाडू टाकण्याचा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नका. मुंगूस, उदमांजर वन्यजीव कायद्याखाली येतात, भटकं कुत्रं मारणंही गुन्हा आहे, आणि ते विष शेवटी तुमच्याच कोंबड्या टोचतात.

राहिल्या आजी. त्यांना वेड्यात काढू नका. मान धरता येत नाही, दोन्ही पाय लुळे, पोट फाटून आतडं बाहेर, किंवा तीन दिवस झाले, औषध चालू आहे तरी पाणीसुद्धा नाही, अशा कोंबडीला ताटकळत ठेवणं हा जुलूम आहे, आणि तेव्हा आजींसारख्या सराईत हाताची एका क्षणाची सुरी मला जास्त दयेची वाटते. मिरी तशी नाही. शिवाय ती कापून रश्शाला घालायचा विचार असेल तर मी खाणार नाही. कुत्रं कसलं होतं ते कोणाला माहीत, आणि एकदा औषध सुरू झालं की तो प्रश्नच मिटला. गटारी तोंडावर आली आहे हे मला ठाऊक आहे. आजींना म्हणावं, त्यासाठी दुसरी बघा.

रात्री एकदाच, अकराच्या सुमारास, मोबाइलचा टॉर्च न लावता झाकण उचला. तुमच्या चाहुलीने तिने मान वळवली, किंवा वाटीतलं पाणी बोटभर कमी झालेलं दिसलं, तर झाकण लावा आणि झोपा.